दिवा गेला, तार उरली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळा सरला की घराघरांत आवराआवरीला सुरुवात होते. रंगारी येतो, कपाटांच्या जागा बदलतात, जुना सोफा जातो आणि नवा येतो. अशा वेळी भिंतीवरचा एखादा जुना दिवा डोळ्यांत खुपू लागतो. कधी तो नेमका नव्या कपाटाच्या मागे जात असतो. कधी त्याची काचेची टोपी फुटलेली असते आणि तशी टोपी आता बाजारात मिळत नसते. कधी छताला नवे दिवे लागल्यामुळे त्याची गरजच उरलेली नसते. मग घरातले कोणीतरी म्हणते, "काढून टाकू या. दोन स्क्रू आणि दोन तारा, पाच मिनिटांचे काम!" दिवा काढायला खरोखरच पाच मिनिटे लागतात. आज मला सांगायचे आहे ते त्या पाच मिनिटांच्या आधी काय करायचे आणि नंतर काय करायचे, याविषयी.

पूर्वी घराच्या भिंतीत कोनाडा असे आणि कोनाड्यात पणती असे. कंदील खुंटीला टांगलेला असे. पणती उचलली की मागे काजळीचा डाग राही. कंदील काढला की खुंटी राही आणि तिला घरातले कोणी आपली टोपी किंवा पिशवी अडकवी. दिव्याबरोबर दिव्याची आगही उचलली जाई. विजेच्या दिव्याचे तसे नाही. भिंतीवर आपल्याला दिसते ते त्याचे फक्त टोक. त्याचे मूळ खाली मीटरच्या खोलीत आणि त्याच्याही पलीकडे रस्त्यावरच्या खांबापर्यंत गेलेले असते. आपण टोक खुडतो, मूळ तसेच राहते. दिवा गेला तरी भिंतीतली तार राहते आणि त्या तारेत वीज येण्याचा रस्ताही राहतो.

पुढे दोन-चार वर्षे जातात. भिंतीला रंगाचे दोन हात बसलेले असतात. इथे कधी दिवा होता, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. घरात भाडेकरू येतो किंवा घर विकले जाते. मग कोणीतरी त्याच जागी कॅलेंडरसाठी खिळा ठोकतो, नाही तर फडताळ बसवायला ड्रिल लावतो. किंवा पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि हात लावला की मुंग्या येतात. हा धोका ज्याने दिवा काढला त्याच्या वाट्याला क्वचित येतो. तो येतो त्याच्या मागून त्या घरात राहणाऱ्याच्या वाट्याला. म्हणून नको असलेला दिवा सुरक्षितपणे काढणे याचा खरा अर्थ, त्याच्या मागे राहिलेल्या तारेचा नीट बंदोबस्त करणे, असा घ्यायचा.

आता आधी थोडे आकडे सांगतो, म्हणजे या सगळ्याची गरज पटेल. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब जळताना त्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. माणसाच्या शरीरातून एक मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की मुंग्या आल्यासारखे वाटते. दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू आखडतात आणि हातात धरलेली तार सोडता येत नाही. तीसच्या पुढे श्वासाला आणि हृदयाला धोका सुरू होतो. म्हणजे एका लहानशा बल्बाला लागणारी वीजसुद्धा माणसाचा जीव घ्यायला पुरून उरते. "छोटाच तर दिवा आहे" या म्हणण्याला म्हणूनच काही अर्थ नाही. दिवा छोटा असला तरी त्याच्यामागची वीज तीच, जी फ्रिजच्या आणि गिझरच्या मागे असते.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे ना!" असे पुष्कळ जण म्हणतात. दिव्यांच्या लाइनवर साधारणपणे सहा किंवा दहा अँपिअरचा एमसीबी असतो. सहा अँपिअर म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. माणूस ज्या प्रवाहाने दगावतो तो या एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. एमसीबी किंवा जुन्या घरातला फ्यूज हा तार तापून आग लागू नये म्हणून असतो. माणसासाठी असते ते उपकरण वेगळे, त्याला आरसीसीबी म्हणतात. बोलीभाषेत कोणी त्याला ईएलसीबीही म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरा परत आला की नाही, याचा ते हिशेब ठेवते आणि घरगुती उपकरणात साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात वीज तोडते. ते घरात असेल तर चांगलेच. मात्र त्यालाही मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल अशी दोन्ही टोके कोणी धरली, तर हिशेब बरोबर जुळतो आणि आरसीसीबीला काही कळत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर चालू लाइनीत हात घालायचा नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगून टाकतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत एक तरतूद होती आणि २०१० च्या व त्यानंतर २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांत ती कायम आहे. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे, घरगुती उपकरणे आणि फिटिंग बदलणे, तेही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणार नाही अशा रीतीने, एवढे काम सोडले, तर विजेच्या जोडणीतली बाकीची कामे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायची असतात. म्हणजे जुना ब्रॅकेट काढून तिथेच नवा बसवला, तर ती अदलाबदल झाली. पण तिथला पॉइंट कायमचा बंद करायचा, तारा काढायच्या, पुढची जोडणी वळवायची, ही कामे परवाना असलेल्या माणसाची. तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे, ते तुम्ही सगळे स्वतःच्या हाताने करावे यासाठी सांगत नाही. वायरमन घरी आल्यावर तो काय करतो आहे आणि काय करायचे राहिले आहे, हे घरमालकाला आणि घरमालकिणीला कळावे, यासाठी सांगतो आहे. आपल्याकडे बरेचदा रंगाऱ्यालाच "तेवढा दिवा काढून टाक" म्हणून सांगितले जाते. तो बिचारा टाकतोही काढून. तारा कापतो, टोके आत ढकलतो आणि वरून लांबी भरतो.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की बटण बंद केले म्हणजे तार मेली. असे नसण्याची कारणे बरीच आहेत. पहिले म्हणजे बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असू शकते. अशा वेळी बटण बंद केल्यावर दिवा विझतो खरा, पण होल्डरपर्यंत फेज तशीच उभी असते. बटण बंद असतानाही एलईडी दिवा अंधारात मंद मिणमिणत असेल, तर अशी उलटी जोडणी असण्याची शक्यता असते. बटणावरच्या लाल खुणेच्या दिव्यामुळेही तसे होते, पण तपासून घ्यावे हे बरे. दुसरे, जिन्यात किंवा लांब बोळात दोन बटणांवर चालणारा दिवा असतो. तिथे बटण वर की खाली यावरून काहीच कळत नाही. तिसरे, पुष्कळ घरांत या दिव्याच्या होल्डरमधून किंवा त्याच्या मागच्या ब्लॉकमधून पुढच्या दिव्याला तारा नेलेल्या असतात. याला लूप घेणे म्हणतात. तुमच्या दिव्याचे बटण बंद असले, तरी पुढच्या दिव्याची फेज तिथूनच जात असते.

न्यूट्रलबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवा. न्यूट्रलच्या तारेला हात लावला तर झटका बसत नाही, असे सर्रास सांगितले जाते. ती तार अखंड असेपर्यंत हे बहुतेक वेळा खरेही असते. पण तीच तार पुढच्या दिव्यासाठीही वापरलेली असेल आणि तो दिवा चालू असताना आपण ती सोडवली, तर पुढच्या दिव्यातून आलेला फेजचा दाब सुटलेल्या टोकावर येऊन बसतो. काळी तार म्हणून विश्वासाने धरली आणि झटका बसला, अशा हकिगतींमागे पुष्कळदा हेच कारण असते.

आता आपल्याकडच्या घरांत खास काळजी घ्यावी अशी वस्तू म्हणजे इन्व्हर्टर. २००५ नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमनाने कळस गाठला होता आणि त्या काळात शहरा-गावांतल्या असंख्य घरांत इन्व्हर्टर आले. ते आजही पुष्कळ ठिकाणी आहेत. इन्व्हर्टरमधून एक वेगळी फेज निघते आणि ती घरातल्या ठरावीक दिव्यांना आणि पंख्यांना जाते. आता गंमत पाहा. आपण दिवा काढण्यासाठी मेन स्विच बंद करतो. इन्व्हर्टरला वाटते, वीज गेली. तो आपले काम इमानेइतबारे करतो आणि क्षणार्धात त्याच दिव्याला बॅटरीवरून वीज पुरवू लागतो. तीही २३० व्होल्टच्याच आसपास. म्हणजे सुरक्षिततेसाठी आपण जे केले त्यानेच दुसरा पुरवठा सुरू झाला. इन्व्हर्टरचा प्लग भिंतीतून काढला तरी हेच होते, कारण बॅटरी जोडलेलीच असते. म्हणून इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा, त्याच्या बाहेर जाणाऱ्या लाइनीवर वेगळा एमसीबी असेल तर तोही पाडायचा आणि शिवाय मेन स्विचही बंद ठेवायचा. दोन्ही बंद हवेत. एकच बंद ठेवून चालत नाही.

हल्ली गच्चीवर सौर पॅनेल बसवलेली घरे वाढली आहेत. साधी, बॅटरी नसलेली सौर यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपोआप थांबते. बॅटरी जोडलेली असेल तर मात्र तिला इन्व्हर्टरचाच नियम लावायचा. अपार्टमेंटमध्ये जनरेटर असेल आणि त्याची लाइन घरात आली असेल, तर त्याचाही विचार करायचा. थोडक्यात, "माझ्या घरात वीज किती वाटांनी येते?" हा प्रश्न आधी विचारायचा आणि त्या सगळ्या वाटा बंद करायच्या.

काम दिवसाउजेडी करावे, सकाळी केलेले उत्तम. आदल्या दिवशी थोडी पाहणी करून ठेवावी. हा दिवा कोणत्या बटणावर आहे, कोणता एमसीबी पाडला की तो जातो आणि त्याच्याबरोबर घरातले आणखी काय काय बंद पडते, हे कागदावर लिहून ठेवावे. घरात सगळ्यांना सांगावे की उद्या अमुक वेळी वीज बंद राहील. जुन्या घरात चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतील, तर फ्यूज ओढून काढावा आणि तो बोर्डाजवळ न ठेवता आपल्या खिशात ठेवावा. एमसीबी असेल, तर तो पाडून त्यावर चिकटपट्टी लावावी आणि "काम चालू आहे, हात लावू नये" अशी चिठ्ठी डकवावी. मेन स्विच खाली मीटरच्या खोलीत असेल, तर तिथेही चिठ्ठी लावावी. पंखा बंद का पडला म्हणून एखादे आजोबा किंवा शाळेतून आलेला मुलगा बोर्डाकडे जातो आणि भाबडेपणाने खटका वर करतो. त्याला दोष देता येत नाही, त्याला माहीतच नसते.

वीज बंद केल्यावर ती खरोखर गेली की नाही हे तपासायचे. आपल्याकडे घरोघरी टेस्टर असतो, स्क्रू ड्रायव्हरसारखा, आत छोटासा नळीसारखा दिवा असलेला. तो उपयोगी आहे, पण त्याची साक्ष एकट्याने मानायची नाही. त्याच्यातला दिवा पेटतो तो आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर. आपण कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असलो तर तो मंद पेटतो, आणि भर उन्हाच्या प्रकाशात तो पेटलेला दिसतही नाही. शिवाय टेस्टरच बिघडलेला असू शकतो. म्हणून पद्धत अशी, की टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगमध्ये घालून पेटतो का ते पाहायचे, मग वीज बंद करून दिव्याच्या प्रत्येक तारेला लावायचा आणि नंतर पुन्हा एकदा चालू विजेवर घालून तो अजून शाबूत आहे ना, याची खात्री करायची. मेन बंद केल्यावर घरात चालू प्लग उरत नाही. अशा वेळी जिन्यातला सामाईक प्लग किंवा शेजाऱ्यांचा प्लग कामी येतो. जाणता वायरमन याबरोबर टेस्टलॅम्पही वापरतो, म्हणजे होल्डरला दोन तारा जोडलेला बल्ब. तो फेज आणि न्यूट्रलमध्ये, तसेच फेज आणि अर्थिंगमध्ये लावून पाहतो. घरात आरसीसीबी असेल तर अर्थिंगवर टेस्टलॅम्प लावताच तो पडेल. तो त्याचा गुणच आहे.

टेस्टर दोन्ही तारांवर पेटला तर काय समजायचे? कुठेतरी न्यूट्रल तुटली आहे, किंवा दोन वेगवेगळ्या फेज तिथे आल्या आहेत. तीन फेजचा पुरवठा असलेल्या घरात दोन फेजमधला दाब ४०० व्होल्टच्या आसपास असतो. अशा वेळी हात मागे घ्यायचा आणि काम तिथेच थांबवायचे.

आता प्रत्यक्ष दिवा. आधी बल्ब काढायचा, मग काचेची टोपी, आणि दोन्ही बाजूला ठेवून द्यायचे. ॲल्युमिनियमची शिडी वापरू नये, कोरडा लाकडी स्टूल किंवा घोडा घ्यावा. पायांत कोरड्या रबरी तळाच्या चपला असाव्यात, हात कोरडे असावेत, आणि स्टूल धरायला दुसरा माणूस असावा. ब्रॅकेट भिंतीपासून सुटला की तो तारांवर लोंबकळू द्यायचा नाही, एकाने तो धरून ठेवायचा. जुन्या तारा अशा ओढीनेच आत, जिथे दिसत नाही तिथे, तुटतात. तारा सोडवण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवावेत. कोणती तार कुठे होती, हे तासाभराने आठवत नाही.

ब्रॅकेटमागे काय दिसते, यावर पुढचे काम ठरते. आपल्याकडे रूढ रंग असे: फेजची तार लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंगची हिरवी. पण रंगावर विसंबून राहू नये. ज्याने जोडणी केली त्याच्या पिशवीत त्या दिवशी जी तार होती, ती त्याने वापरलेली असते. फार जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून नेलेल्या रबरी तारा असतात. त्यांचे आवरण इतके वाळलेले असते, की वाकवताच त्याचे तुकडे पडतात. काही इमारतींत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत, त्या दोन-तीनदा वाकवल्या की मोडतात. ॲल्युमिनियमला तांब्याची तार नुसती पिळून जोडली, तर तो जोड काही काळाने सैल होऊन तापू लागतो. असे काही दिसले तर ते काम नुसत्या एका दिव्याचे राहिलेले नाही. ती सगळी लाइनच जाणकाराकडून तपासून घ्यावी.

समजा, मागे दोनच तारा आणि एक अर्थिंग आहे. म्हणजे हा दिवा लाइनीतला शेवटचा आहे. अशा वेळी सर्वांत चांगला उपाय म्हणजे तारा मुळापासून सोडवणे. बटणांच्या बोर्डात जाऊन या दिव्याची फेज बटणावरून काढायची, न्यूट्रलही तिथल्या जोडातून काढायची. तारा पाइपातून गेलेल्या असतील, तर त्या ओढून बाहेर काढता येतात. तार काढली की प्रश्नच मिटला. मग भिंतीतले भोक खुशाल लांबीने भरा, रंग द्या आणि हवे तर तिथे खिळाही ठोका. रिकाम्या झालेल्या बटणाच्या जागी बंद पट्टी बसवावी. तार अडकल्यामुळे निघत नसेल, तरी बोर्डाच्या बाजूने ती पूर्ण सुटलेली असली पाहिजे आणि तिची दोन्ही टोके झाकलेली असली पाहिजेत.

समजा, मागे चार तारा आहेत. म्हणजे दोन येणाऱ्या आणि दोन पुढे जाणाऱ्या. इथे दिवा काढला तरी तारा राहणार आणि त्या जिवंतही राहणार. येणारी फेज जाणाऱ्या फेजला, न्यूट्रल न्यूट्रलला, अर्थिंग अर्थिंगला जोडावी लागते. हा जोड कनेक्टरमध्ये स्क्रूने घट्ट आवळलेला असावा. नुसत्या तारा पिळून वर टेप गुंडाळण्याची आपल्याकडे फार सवय आहे. उन्हाळ्याने टेपचा चिकटपणा जातो आणि ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते. कनेक्टर भिंतीतल्या डब्यात बसवायचा आणि डब्यावर बंद झाकण, ज्याला दुकानात ब्लँक प्लेट म्हणतात, ती स्क्रूने लावायची. डबा लोखंडी असेल तर त्याला अर्थिंग हवेच.

ही ब्लँक प्लेट पुष्कळांना आवडत नाही. "एवढी भिंत गुळगुळीत केली आणि मध्येच हे काय ठिगळ?" असे म्हणून ती काढायला लावतात आणि जोड प्लास्टरखाली गाडतात. इथे मात्र घरच्यांनी हट्ट सोडावा. विजेचा जोड नेहमी उघडून पाहता येईल अशा जागी असावा, हा वायरिंगचा मूलभूत संकेत आहे. जोड सैल होतो, ओल धरतो, कधी तो बदलावा लागतो. शिवाय ती प्लेट पाहणाऱ्याला सांगत असते, की इथे आत तारा आहेत, इथे खिळा ठोकू नका. तार साधारणपणे अशा डब्यापासून सरळ वर, सरळ खाली किंवा आडवी गेलेली असते, हा अंदाजही तिच्यावरूनच येतो. प्लेटला भिंतीचाच रंग दिला तर ती फारशी डोळ्यांत भरतही नाही. कपाटामागे जाणार असेल तर प्रश्नच नाही.

तीन गोष्टी कधीही करू नयेत. दिव्याची दोन्ही टोके एकत्र पिळून ठेवू नयेत. कोणी बटण दाबले की तिथे शॉर्ट सर्किट होऊन ठिणगी उडते. हिरवी तार निरुपयोगी म्हणून कापून टाकू नये, कारण पुढच्या पॉइंटचे अर्थिंग तिच्यावरच अवलंबून असू शकते. आणि "बटण बंद आहे, त्यावर टेप लावून ठेवू" एवढ्यावर उघडी टोके भिंतीत सोडू नयेत. त्या टेपचा अर्थ आज तुम्हाला माहीत आहे. पाच वर्षांनी ती टेप पुसता पुसता निघेल आणि नव्या माणसाला तिथे फक्त एक बटण दिसेल.

बाहेरच्या भिंतीवरच्या, पडवीतल्या किंवा कंपाउंडच्या दिव्यांना एक जादा काळजी लागते. त्यांच्या पाइपात पावसाचे पाणी शिरलेले असते. दिवा काढल्यावर पाइपाचे तोंड उघडे राहिले, तर तेच पाणी आत उतरत जाते, बोर्डापर्यंतही पोचते. असे काम ऐन पावसात काढू नये. भिंत ओली असेल आणि तिला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर दिवा काढण्याचा विचार नंतर. आधी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे.

काम संपल्यावर वीज सुरू करण्यालाही क्रम आहे. आधी मेन, मग एमसीबी, आणि मग घरातले बाकीचे दिवे व पंखे एकेक करून चालू करून पाहावेत. काही चालत नसेल, तर लूप कुठे तरी तुटला आहे. ब्लँक प्लेटच्या स्क्रूंना टेस्टर लावून पाहावा. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो का ते बघावे, तसे ते अधूनमधून दाबून पाहायलाच हवे. शेवटी इन्व्हर्टर सुरू करावा आणि पुन्हा एकदा मेन बंद करून फक्त इन्व्हर्टरवर सगळे ठीक चालते ना, याची खात्री करावी. काढलेल्या दिव्यात जुनी ट्यूब किंवा सीएफएल असेल, तर तिच्यात थोडा पारा असतो. ती न फोडता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

आणि कोणाला झटका बसलाच, तर त्याला हाताने ओढायला धावू नका. आधी वीज तोडा. ते जमण्यासारखे नसेल, तर कोरड्या लाकडाने, कोरड्या जागी उभे राहून त्याला तारेपासून दूर करा. माणूस शुद्धीवर नसेल तर १०८ ला फोन करा, श्वास चालत नसेल आणि कोणाला छाती दाबण्याचे प्रथमोपचार येत असतील तर ते लगेच सुरू करा. माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी डॉक्टरांना दाखवा.

वायरमन पिशवी भरून निघू लागला की त्याला चार प्रश्न विचारा. या तारा बोर्डातून सुटल्या का? राहिल्या असतील तर त्यांत वीज आहे का? जोड कुठे आहे? आणि इन्व्हर्टरची लाइन इथून जाते का? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, घरच्यांना काम कळते आहे याचे त्याला बरेच वाटते. त्याने दिलेली उत्तरे एका कागदावर लिहा, खाली तारीख घाला आणि तो कागद एमसीबीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. "दिवाणखान्यात खिडकीच्या उजवीकडे, जमिनीपासून सहा फुटांवर बंद डबा आहे, आत चालू तारा आहेत", एवढे लिहिले तरी पुरे. आपण घर सोडले, विसरलो, तरी आपल्यानंतर त्या भिंतीवर हातोडी उगारणाऱ्या माणसाला ते वाचता येईल.